राऊटरला कुलूप घातलं, आता पुढं?

"मॅडम, वायफायवर नको त्या साइट बंद करायचं काहीतरी असतं म्हणे. आम्ही केलं ते. आता पोरगं बोलायचंच बंद झालंय."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेले, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा कारखाना असलेले हे गृहस्थ खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले. सोबत पत्नी, आणि दाराजवळ मान खाली घालून उभा नववीतला मुलगा. त्याला ओंकार म्हणू. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहिण्याआधी तिघांनाही विचारलं, ओंकारला सगळ्यात आधी.)

"मुलांनी वाईट बघू नये म्हणून घरच्या नेटवर काय लावायचं?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. काय लावायचं ते सांगणं सोपं असतं. या घरातली गडबड ते लावल्यावर सुरू झाली.

कॉम्प्युटर शिकलेल्या पुतण्यानं राऊटरमध्ये, म्हणजे वायफायच्या डब्यात, ओपनडीएनएस नावाची गाळणी घातली होती. आपण साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी एक यंत्रणा असते, तिला डीएनएस म्हणतात. गाळणी लावलेली डीएनएस नको त्या नावाचा पत्ताच देत नाही. ओपनडीएनएसमध्ये खातं उघडलं की अश्लील, जुगार, प्रॉक्सी (अडवलेली साइट आडवाटेनं उघडून देणाऱ्या साइट), व्हिडिओ शेअरिंग असे पन्नासहून जास्त प्रकार निवडून बंद करता येतात. त्यात 'हाय', 'मॉडरेट', 'लो' अशा तयार पातळ्याही आहेत. पुतण्यानं बेधडक 'हाय' निवडली. त्या पातळीला सोशल मीडिया आणि व्हिडिओच्या साइटही जातात. म्हणजे यूट्यूब बंद.

दहावीतल्या ताईचा अभ्यास यूट्यूबवरच चालायचा. तेव्हा नेमका 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग-२' सुरू होता, प्रजननाचा धडा. वर्गात जो धडा भरभर उरकला जातो, तोच घरातही बंद! दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला, तिसऱ्या दिवशी भावानंही. मोबाइल डेटा राऊटरकडून जातच नाही, त्यामुळे कुलूप दाराला राहिलं आणि सगळे खिडकीतून ये-जा करू लागले. यात मला मुलांचा दोष दिसत नाही.

भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून पेटलं होतं. ओपनडीएनएस दिवसभरात कुठली नावं विचारली गेली त्याची यादी दाखवतं. ती यादी वडिलांनी प्रिंट काढून आणली होती, पेनानं गोल केलेली. चार नावं सट्ट्याच्या साइटची, दोन अश्लील.

"नववीत सट्टा खेळतंय, मॅडम!"

ओंकारशी मी एकटीनं बोलले. तो जे सांगेल ते खोलीतच राहील, जिवाला धोका असेल तेवढं सोडून, हे आई-वडिलांसमोर आधीच ठरवून घेतलं. अर्धा तास फुटबॉलवरच गेला. पेठेतल्या पोराला फुटबॉल सोडून दुसरं काय विचारणार? मग त्यानंच कागद पुढं ओढला. रात्री युरोपातल्या मॅच तो फुकट दाखवणाऱ्या साइटवर बघायचा. अशा साइटवर एक बटण दाबलं की तीन खिडक्या उघडतात, सट्ट्याच्या आणि नको त्या. पानावर जाहिरात नुसती आली तरी फोन तिच्या साइटचा पत्ता विचारतो, आणि ते नाव यादीत पडतं. कोणी दाबलं, कोणाच्या फोनवरून, कुठलं पान उघडलं, यातलं काहीही ती यादी सांगत नाही.

"सट्टा नाही खेळलो. पण त्यातलं एक मी बघितलं, मॅडम. मुद्दाम." हे तो खाली बघून म्हणाला. आणि मग, "बघितलं तर काही होतं का?"

दोन महिने हा प्रश्न घेऊन तो फिरत होता, आणि घरात त्याला फक्त प्रिंटआउट मिळाली होती. चौदाव्या वर्षी कुतूहल वाटणं हा आजार नाही, हे मी त्याला सांगितलं. तिथं दिसतं ते कॅमेऱ्यासमोर केलेलं असतं, त्यावरून बायका, नाती, स्वतःचं शरीर यांचा अंदाज बांधायचा नाही, हेही बोललो. पप्पांना त्यानं ते नंतर स्वतः सांगितलं. कसं सांगितलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

पुढच्या बैठकीत चौघांनी मिळून प्रकार निवडले: अश्लील, जुगार, प्रॉक्सी. बाकी सगळं उघडं. यादी बघायची ती रविवारी, सगळ्यांसमोर. मॅचसाठी रीतसर ॲप घ्यायचं, मात्र रात्री दोनची मॅच दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तरच. एवढ्यावर ओंकारनं घासाघीस केली, पण मानलं. पुतण्याला एकच काम लावलं: घराच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) बदलला की खात्यात तो नवा घालायचा, नाहीतर निवडलेले प्रकार लागूच होत नाहीत.

मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर एवढा व्याप करू नका. राऊटरच्या डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ घाला. क्लाउडफ्लेअरनं २०२० मध्ये सुरू केलेली ही सोय अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट अडवते, खातंही लागत नाही. त्या वयात चुकून समोर येणं एवढीच भीती असते. चौदाव्या वर्षी मुलाला न सांगता तेच लावलं, तर तो व्हीपीएन, म्हणजे गाळणी चुकवून जायची आडवाट, शिकतो.

महिन्यानं वडिलांचा फोन आला.

"मॅडम, रविवारी यादीत परत दोन सट्ट्याची नावं आली."

"ओंकारला विचारलंत?"

"तो त्या दिवशी मामाकडं कागलला होता." थोडं थांबून हसले. "घरात क्रिकेटचा स्कोअर बघणारा मी एकटाच. माझ्या ॲपमधली जाहिरात हाय ती."