चौसष्ट पिक्सेलमध्ये माणसे मोजताना

प्रश्न : खोलीतील माणसे मोजण्यासाठी स्वस्त पीआयआर (हालचाल ओळखणारा) सेन्सर उपलब्ध असताना थर्मल (तापमान टिपणारा) सेन्सर कशासाठी वापरावा?

उत्तर : पीआयआरला उष्णतेतील बदल तेवढाच कळतो, त्यामुळे शांतपणे वाचत बसलेला माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच आणि थोड्या वेळाने दिवे बंद होतात. थर्मोपाइल प्रकारचा थर्मल सेन्सर मात्र हालचाल असो वा नसो, प्रत्येक पिक्सेलचे तापमान सांगत राहतो.

प्रश्न : बैठकीच्या खोलीत छताला एएमजी८८३३ हा थर्मल सेन्सर बसवला आहे. शेजारी बसलेले दोघे एकच का मोजले जातात?

उत्तर : या सेन्सरचे दृष्टिक्षेत्र ६० अंशांचे आणि चित्र ८×८ पिक्सेलचे असते. छत २.७ मीटर उंच असेल, तर जमिनीवर सुमारे ३.१ मीटर रुंदीचा चौरस टिपला जातो. परंतु बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीवर, म्हणजे अंदाजे १.२ मीटर उंचीवर, ही रुंदी जेमतेम १.७ मीटर उरते आणि एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे २१ सेंटिमीटर येतात. खांद्याला खांदा लागला की दोन उष्ण ठिपक्यांचा एकच ठिपका होतो, आणि टेबलाच्या टोकाला बसलेले तर चौकटीबाहेरच राहतात. इंटरपोलेशनने (पिक्सेलांमधल्या किमती अंदाजाने भरून) चित्र गुळगुळीत दिसते, माहिती वाढत नाही. उष्ण पिक्सेलांची संख्या, ठिपक्यांची संख्या आणि सर्वांत मोठ्या ठिपक्याचा आकार यांवरून प्रशिक्षित केलेले साधे संगणकीय मॉडेल अधिक उपयोगी पडते. नेमका आकडा हवाच असेल, तर ३२×२४ पिक्सेलचा एमएलएक्स९०६४० हा थर्मल सेन्सर घ्यावा. केवळ दिवे आणि एसी चालवायचे असतील, तर माझ्या मते खोली रिकामी आहे की नाही, हे बिनचूक कळणे पुरेसे आहे.

प्रश्न : माणूस ओळखण्यासाठी २८ अंशांची मर्यादा ठरवली होती, उन्हाळ्यात सगळीच मोजणी का बिघडली?

उत्तर : या सेन्सरची ठरावीक अचूकताच ±२.५ अंश आहे, त्यामुळे स्थिर मर्यादा विश्वासार्ह नाही. प्रत्येक पिक्सेलची रिकाम्या खोलीतील सरासरी पार्श्वभूमी म्हणून ठेवून तिच्याशी असलेला फरक पाहावा आणि माणूस असलेल्या पिक्सेलांवर ती सरासरी बदलू देऊ नये, अन्यथा बसलेला माणूसच पार्श्वभूमीत विरघळतो. नुकतीच रिकामी झालेली खुर्चीही काही काळ फसवते, परंतु तिचे तापमान हळूहळू उतरते. मे महिन्यात विदर्भातील केवळ पंखा असलेल्या खोलीत भिंती आणि कपडे जवळजवळ सारखेच तापलेले असतात. तेथे अल्गोरिदम बदलून उपयोग नाही, कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरची जोड द्यावी.

प्रश्न : चाचणीत उत्तम ठरलेले मॉडेल दुसऱ्या खोलीत का फसते?

उत्तर : सेकंदाला दहा फ्रेम (चित्रे) घेतल्या, तर लगतच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात; त्या प्रशिक्षण आणि चाचणी यांत यादृच्छिकपणे वाटल्यास प्रशिक्षणातलेच चित्र चाचणीत येते. विभागणी दिवसांनुसार आणि खोल्यांनुसार करावी.