प्राडर-विली हा जन्मजात जनुकीय आजार असलेल्या भाच्याच्या न थांबणाऱ्या भुकेसाठी सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारं नवं औषध ठाण्यात मिळेल का?

नाही, प्रायोगिक औषध मेडिकलमध्ये मिळत नाही. ते फक्त चाचणीत घेतलेल्या रुग्णांना देतात. मी नौपाड्यात फार्मासिस्ट आहे, म्हणून कळकळीने सांगते, कुणी 'तसंच औषध बाहेरून मागवून देतो' म्हणालं तर अजिबात घेऊ नका. सेरोटोनिनचा २सी रिसेप्टर (पेशीवरची त्याचा संदेश घेणारी जागा) पोट भरल्याची जाणीव देण्यात भाग घेतो हे खरं, पण त्याच रिसेप्टरवरचं लॉर्कासेरिन हे वजन कमी करण्याचं औषध कर्करोगाच्या शंकेमुळे २०२० मध्ये अमेरिकेत बाजारातून काढावं लागलं. मात्र याच भुकेसाठी तिथे मार्च २०२५ मध्ये डायझॉक्साइड कोलीन मंजूर झालंय; ते वेगळ्या मार्गाने काम करतं. त्याबद्दल मुलांच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टना (हार्मोनतज्ज्ञांना) विचारा. आणि फ्रिजला, डब्यांच्या कपाटाला आजच कुलूप लावा. ही भूक १५व्या गुणसूत्रातल्या दोषामुळे आहे, हट्ट नव्हे. रागावून ती आवरत नाही.