पंचेचाळीस दिवस मोजायचे कुठून?

या अंकात थकलेल्या बिलांविषयी आलेले तीन प्रश्न घेतले आहेत. दोन माल पुरवणाऱ्यांचे आहेत, एक घेणाऱ्याचा.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचे कास्टिंगच्या मशिनिंगचे जॉबवर्क आहे. कंपनीच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ‘पेमेंट ९० दिवस’ छापलेले असते आणि हातात पैसे यायला १२० दिवस लागतात. पीओवर आमचीही सही आहे. मग ४५ दिवसांचा कायदा आम्हाला लागू होतो का?

उत्तर : होतो. तुमची सही असली तरी ९० दिवसांची अट टिकत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम (एमएसएमई) विकास कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी ठरलेली मुदत पाळायची, पण ती जास्तीत जास्त ४५ दिवसांची. लेखी काहीच ठरले नसेल, तर फक्त १५ दिवस. ‘दीड महिन्याने देतो’ असे फोनवर ठरले असेल, तर १५ दिवसच धरायचे. जॉबवर्क ही सेवा आहे, त्यामुळे मजुरीच्या बिलालाही हेच लागू.

खरी गफलत मोजणीत होते. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसतात. माल पोचल्यावर १५ दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे कायदा मानतो आणि मोजणी तिथून सुरू होते. हरकत वेळेत आली असेल, तर तुम्ही दोष दूर कराल त्या दिवसापासून. दोन महिन्यांनी ‘बोअर साइज जादा’ म्हणून डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) आली, तरी तिने ही तारीख पुढे सरकत नाही.

म्हणून सगळा भार एका कागदावर असतो : डिलिव्हरी चलनाची (मालासोबत जाणाऱ्या पावतीची) तुमच्याकडची प्रत. गेटवरचा इनवर्ड शिक्का पुसट असतो, तारखेच्या जागी नुसती रेघ असते आणि खाली कुणाची तरी आद्याक्षरे. टेम्पोवाल्याला सांगून ठेवा, की शिक्का, तारीख आणि सही ठळक घेतल्याशिवाय गेट सोडायचे नाही. संध्याकाळी त्या चलनाचा फोटो बिलासोबत ईमेलने पाठवा. पुढे वाद झाला, तर हा ईमेल फार कामाला येतो.

उशीर झाला की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागते, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट ५.७५ टक्के धरला, तर व्याजदर १७.२५ टक्के होतो. चार लाखांचे बिल मुदतीनंतर तीन महिने रखडले, तर पहिल्या महिन्याचे व्याज ५,७५० रुपये आणि तीन महिन्यांचे मिळून साधारण १७,५०० रुपये. हे व्याज कंपनीला आयकरात खर्च म्हणूनही दाखवता येत नाही.

आता उद्यम नोंदणी, म्हणजे एमएसएमई म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी. ती माल पुरवण्याआधीची असावी. आधी माल द्यायचा आणि पैसे अडकल्यावर नोंदणी करायची, यावर विसंबू नका. सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा मागच्या तारखेचा लाभ नाकारला आहे. नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर पूर्णपणे मोफत होते. दोन-तीन हजार मागणारी संकेतस्थळे दलालांची असतात. नोंदणी झाली, की क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

एवढे करूनही पैसे आले नाहीत, तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. पीओ, बिल, चलन आणि उद्यम प्रमाणपत्र जोडायचे. खरेदीदार चेन्नईचा असला, तरी प्रकरण तुमच्या भागातल्या परिषदेपुढे चालते. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, ती फसली तर लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल, तर आधी निकालातल्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे धरून चाला.

प्रश्न : इचलकरंजीत आमची भागीदारी फर्म आहे. सूत एका होलसेल व्यापाऱ्याकडून घेतो, सायझिंग (सुताला खळ देणे) बाहेरून करून घेतो. दोघांनीही उद्यम प्रमाणपत्र पाठवले आहे. मार्चअखेर दोघांची बाकी राहिली, तर ती खर्चात धरली जाणार नाही का?

उत्तर : दोघांचा हिशेब वेगळा आहे. सायझिंगवाला सूक्ष्म किंवा लघु सेवा उद्योग असेल, तर त्याची बाकी आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४३बी(एच) मध्ये येते, म्हणजे मुदतीत दिली नाही तर ती पैसे देता त्या वर्षातच खर्चात धरली जाते. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. व्यापाऱ्याची बाकी त्यात येत नाही. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसाय ‘ट्रेडिंग’ आहे का, ते पाहा. मध्यम उद्योगाची बाकीही या कलमात येत नाही.

सायझिंगचे काम १० मार्चला स्वीकारले आणि लेखी मुदत ४५ दिवसांची असेल, तर २४ एप्रिलपर्यंत पैसे द्या, खर्च त्याच वर्षात मिळेल. २५ एप्रिलला दिलेत, तर तो पुढच्या वर्षात जातो. पीएफ-जीएसटीसारखी विवरणपत्र भरेपर्यंतची सवलत इथे नाही. चार लाखांचा खर्च असा पुढे गेला, तर ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस धरून त्या वर्षी १,२४,८०० रुपये जास्त भरावे लागतील. मात्र मुदत चुकली तरी पैसे ३१ मार्चच्या आत दिले असतील, तर खर्च त्याच वर्षात मिळतो. फेब्रुवारीतच लेजर काढून प्रत्येक पुरवठादारापुढे सूक्ष्म, लघु, मध्यम किंवा व्यापारी अशी नोंद करून घ्या. मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून बदलल्या आहेत : सूक्ष्मसाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघुसाठी २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत. जुनी प्रमाणपत्रे फायलीत असतील, तर नवी मागवा.

प्रश्न : आमचा मोठा खरेदीदार म्हणतो, उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर बंद. काय करावे?

उत्तर : रद्द करू नका. व्याजाचा हक्क तर जातोच, शिवाय बँकेकडच्या आणि सरकारी निविदांमधल्या सवलतीही जातात. ‘आम्ही एमएसएमई नाही’ असे पत्रही लिहून देऊ नका. या हक्कांना विसंगत असलेल्या दुसऱ्या कायद्यावर २००६ चा हा कायदा वरचढ आहे, पण तुमच्याच सहीचे पत्र परिषदेपुढे तुम्हालाच अडचणीत आणेल.

ऑर्डर टिकवायची असेल, तर दुसरी वाट आहे. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स (TReDS) या बिलांवर बँकांकडून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची आहे. तुम्हीही नोंदणी करून बिल तिथे चढवा. कंपनीने ते मान्य केले, की बँका त्यावर बोली लावतात, कमी व्याजाची बोली तुम्ही स्वीकारता आणि पैसे लगेच मिळतात. मुदत भरल्यावर बँक वसुली कंपनीकडून करते. कंपनीने पैसे बुडवले, तरी बँक तुमच्याकडे परत मागत नाही. अडते ते बिल मान्य होण्यापाशी. म्हणून खरेदी विभागाशी वाद घालत बसण्यापेक्षा अकाउंट्समध्ये बिल मान्य करणारा माणूस कोण, ते आधी विचारून घ्या.