आर या संगणकभाषेत जीपीएस कॉलरच्या नोंदींवरून प्राण्याचा मार्ग काढताना रेषा करवतीच्या दात्यांसारखी येते. काय चुकतंय?

जीजीप्लॉट२ या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये जीओम_लाइन ऐवजी जीओम_पाथ वापरा, आणि त्याआधी नोंदी प्राण्याच्या आयडीनुसार व मग वेळेनुसार लावून घ्या. जीओम_लाइन बिंदू क्ष-अक्षाच्या, म्हणजे इथे रेखांशाच्या, क्रमाने जोडते. प्राणी पूर्वेला जाऊन त्याच पट्ट्यातून परत आला की जातानाचे आणि येतानाचे बिंदू एकमेकांत मिसळतात, तेच हे दाते. जीओम_पाथ तक्त्यातल्या ओळींच्या क्रमानेच जाते. ग्रुपला आयडी द्यायला विसरू नका, नाहीतर एका प्राण्याचा शेवटचा बिंदू थेट दुसऱ्याच्या पहिल्याला जोडला जातो. कलरला वेळ दिलीत की प्रवासाची दिशाही दिसते. मात्र वेळेचा रकाना मजकूर म्हणून आलाय का ते आधी बघा. मजकुराच्या क्रमात ‘10:00’ हे ‘9:00’ च्या आधी लागतं. तसं असेल तर तो पॉझिक्ससीटी, म्हणजे आरमधल्या तारीख-वेळेच्या प्रकारात, बदला, टाइमझोन स्पष्ट लिहून.

एक गोष्ट मात्र यानं सुटत नाही. कॉलर दोन दिवस बंद असेल तर जीओम_पाथ ते अंतर सरळ रेषेनं भरते आणि प्राणी तिथून चालत गेल्यासारखा भास होतो. अशा खंडानंतरच्या नोंदींना वेगळा तुकडा-क्रमांक द्या आणि ग्रुपमध्ये आयडीसोबत तोही घाला.