गोव्यात दूधसागर, तांबडी सुर्लाच्या वाटा चालणाऱ्याला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी ट्रेक जमेल का?

दम पुरेल, पण पावलांना वेगळी सवय लावावी लागेल. आपल्याकडे चिखल आणि जळवा. तिथे खरखरीत लाव्हा. हात टेकला तरी साल निघते, बूट जाड तळव्याचेच घ्या. पितों द ला फुर्नेज हा तिथला ज्वालामुखी २६३२ मीटर उंच, पण गाडी कड्यावरच्या पा द बेलकोम्बपर्यंत जाते. तिथून पायऱ्या उतरून काळ्या पठारावर यायचं आणि दगडांवरच्या पांढऱ्या रंगाच्या खुणा धरून चालायचं. धुक्यात त्या सोडल्या तर संपलंच! म्हणून पहाटेच निघा. उद्रेक सुरू असला की ही वाट बंद ठेवतात. सवड असेल तर बेटावरचं माफात खोरं सोडू नका, तिथे गाडीरस्ताच नाही. आणि हो, स्वेटर लागतोच, गोंयकारांनी तर दोन घ्यावेत.