मित्रांनी मिळून दरमहा सामाजिक कामासाठी पैसे द्यायचे आहेत. ट्रस्ट काढावा की एकाच्या खात्यात जमवावेत?

दोन्ही नको, असं मी म्हणेन. आम्ही शाळेतले अकरा जण सहा वर्षं हे करतोय, माणशी महिना पाचशे.

पहिलं दीड वर्ष पैसे माझ्या खात्यात यायचे. आईची भिशी आयुष्यभर बिनबोभाट चालली, मग आमची का नाही चालणार? नाही चालली. कुणी पाच तारखेला पाठवायचा, कुणी वीसला, एक जण तीन महिन्यांचे एकदम. माझा पगार, घराचा हप्ता आणि मित्रांचे पाचशे, सगळं एकाच पासबुकात. त्यात संस्थेने ८०जी ची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी पावती दिली ती माझ्या एकट्याच्या नावावर, कारण चेक माझा होता. "आमच्या पैशांवर टॅक्स वाचवतोस होय रे?" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो. तिसऱ्यांदा नाही हसलो.

ट्रस्टचं म्हणाल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, वर्षाचा हिशेब, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. महिन्याच्या साडेपाच हजारांसाठी एवढा व्याप कोण करणार? मात्र बाहेरच्या लोकांकडून वर्गणी मागायची असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी गणेश मंडळांनाही धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते.

आता आम्ही फक्त ठरवतो एकत्र, पैसे ज्याचे त्याने पाठवायचे. दर तीन महिन्यांनी चिठ्ठी टाकतो. भिशीत नंबर लागला की पैसे उचलतात. इथे ज्याचा नंबर त्याने संस्था सुचवायची. अट एकच, तिथे स्वतः जाऊन आलेला असला पाहिजे. या अटीने निम्मे वाद मिटले, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं आवाहन पुढे ढकलणं बंद झालं. दोघांनी नको म्हटलं तर संस्था बाद. नाहीतर प्रत्येकाने दीड हजार थेट संस्थेच्या खात्यात भरून ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचा. पावती आपोआप ज्याच्या त्याच्या नावावर. (८०जी ची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि दोन हजारांच्या वर रोख दिले तर तीही नाही. आमच्यात आता तिघांनाच तिचं कौतुक उरलंय.)

रक्कम सगळ्यांची सारखी ठेवा. जास्त देणाऱ्याचा शब्द नकळत जड होतो. आणि पाचशेची लाज वाटू देऊ नका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाला लोकांनी मुष्टिफंडातून घरातलं मूठ मूठ धान्य दिलंय.

एक खाचखळगा आम्हाला ठाऊकच नव्हता. आमचा एक मित्र अमेरिकेत असतो. भारतीय पासपोर्ट होता तोवर त्याच्या बचतीतले पैसे संस्थेला चालायचे. तिकडचं नागरिकत्व घेतल्यावर तीच देणगी परदेशी ठरते, आणि संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर तिला ती घेता येत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी फरक पडत नाही. हे आम्हाला एका संस्थेच्या हिशेबनिसाने सांगितलं. एकत्र खात्यात असे पैसे मिसळले असते तर आमच्यामुळे संस्थाच अडचणीत आली असती. तो आता त्याचा वाटा तिकडच्याच कामाला देतो, पण चिठ्ठीत त्याचं नाव आहे.

नातेवाइकांची आजारपणं यात आणायची नाहीत, हेही आधीच ठरवा. ती मदत वेगळी करा, जरूर करा.

पुढचा नंबर माझा आहे, आणि मी अजून कुठेच जाऊन आलेलो नाही.