एडिनबराच्या महोत्सवात एक दिवस

प्रश्न : येत्या ऑगस्टमध्ये आम्ही पती-पत्नी ग्लासगोला मुलाकडे जात आहोत. तेथून एक दिवस एडिनबराचा प्रसिद्ध महोत्सव पाहून यावे, असा विचार आहे. मी अनेक वर्षे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला नियमित जातो. पत्नीला नाटकाची आवड आहे, मात्र तिचे गुडघे दुखतात. दिवसभराचे एकच तिकीट मिळते का, आणि एका दिवसात काय काय पाहणे शक्य होईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सवाईची सवय असलेल्या रसिकाचा एडिनबरात गोंधळ होतो तो नेमका येथेच. तेथे एक मंडप नाही, एक तिकीट नाही आणि खरे तर एक महोत्सवही नाही. युद्धाने होरपळलेल्या युरोपातील कलावंतांना पुन्हा एकत्र आणावे, या हेतूने रुडॉल्फ बिंग यांच्या पुढाकाराने १९४७ साली ‘एडिनबरा इंटरनॅशनल फेस्टिव्हल’ सुरू झाला. नाझी राजवटीमुळे परागंदा व्हावे लागलेले संगीत-संचालक ब्रूनो वॉल्टर आणि त्यांचा जुना व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांची भेट त्याच वर्षी या व्यासपीठावर झाली. त्याच वर्षी आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यमंडळ्याही आपणहून तेथे येऊन थडकल्या, मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले आणि त्यातून ‘फ्रिंज’ उभा राहिला. आज हे दोन्ही महोत्सव ऑगस्टमध्ये शेजारी शेजारी चालतात. पहिल्यातील कलावंत निमंत्रित असतात. दुसऱ्याला निवड समितीच नाही, त्यामुळे तेथील तीन हजारांहून अधिक कार्यक्रमांत अप्रतिम आणि अगदीच सुमार असे दोन्ही असते आणि निवडीचे काम प्रेक्षकालाच करावे लागते. प्रत्येक कार्यक्रमाचे तिकीट वेगळे असते.

एका दिवसात तीनपेक्षा जास्त कार्यक्रम ठरवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. फ्रिंजचा प्रयोग बहुधा तासाभराचा असतो, म्हणून कागदावर सहा-सात सहज बसतात. पण दोन जागांमधले अंतर, चढ आणि गर्दी कागदावर दिसत नाही, आणि उशिरा येणाऱ्याला अनेक ठिकाणी आत सोडत नाहीत.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकावरून एडिनबराच्या वेव्हर्ली स्थानकाला रेल्वेने साधारण पन्नास मिनिटे लागतात. सकाळी अकराच्या सुमारास क्वीन्स हॉलमध्ये इंटरनॅशनल फेस्टिव्हलच्या छोटेखानी मैफली होतात. दिवसाची सुरुवात तेथून करावी. ही मूळची १८२३ सालची चर्चची इमारत असून बसण्याची बरीचशी व्यवस्था अजूनही जुन्या लाकडी बाकांवर आहे, तेव्हा सोबत एखादी पातळ उशी असलेली बरी. तुमच्यासारख्या श्रोत्याने एक पथ्य मात्र पाळावे. एखादी जागा कितीही सुंदर घेतली तरी तेथे मध्येच ‘वाहवा’ म्हणत नाहीत, आणि एका रचनेचे तीन-चार भाग असतील तर टाळ्या अगदी शेवटी, सर्व भाग संपल्यावरच वाजवतात. सुरुवातीला हे फार जड जाते. या महोत्सवाला आपले संगीत नवे नाही, हेही जाता जाता सांगतो : १९६३ साली पंडित रविशंकर आणि एम. एस. सुब्बलक्ष्मी यांच्या मैफली येथे झाल्या होत्या.

दुपारी फ्रिंजमधले एक नाटक पाहावे. विनोदी एकपात्री कार्यक्रम फ्रिंजमध्ये भरपूर असले तरी त्यांतील बोली, वेग आणि स्थानिक संदर्भ यांमुळे निम्मे विनोद हुकतात. त्याऐवजी देहबोलीवर किंवा संगीतावर उभा असलेला प्रयोग तुमच्या पत्नींना अधिक भावेल. रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर कलाकार स्वतःच हातात पत्रके देऊन ‘आमच्या प्रयोगाला या’ म्हणून गळ घालतात. त्यांना ‘नाटक कशावर आहे?’ एवढेच विचारावे आणि उत्तर ऐकून ठरवावे. काही प्रयोगांना तिकीट नसते. शेवटी दाराशी बादली धरलेली असते, तीत यथाशक्ती पैसे टाकायचे.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यावा. वेव्हर्ली स्थानक खोलगट भागात आहे, तेथून रॉयल माइलकडे जाताना चांगलाच चढ लागतो आणि रस्ता दगडी फरशीचा आहे. म्हणून बस किंवा टॅक्सी घ्यावी, आणि तिकीट काढण्यापूर्वी त्या जागेला किती पायऱ्या आहेत व लिफ्ट आहे का, हे पाहावे, कारण फ्रिंजचे कित्येक प्रयोग तळघरांत होतात. किल्ल्यासमोरील लष्करी वाद्यवृंदांचा ‘टॅटू’ १९५० पासून चालत आलेला असून देखणा आहे. पण तिकिटे फार आधी संपतात, बैठक उघड्यावर असते आणि पावसातही कार्यक्रम चालूच राहतो. या खेपेला तो सोडून द्यावा. संध्याकाळी दम असेल तर अशर हॉलमध्ये वाद्यवृंद ऐकावा. अँड्र्यू अशर या व्हिस्की-व्यावसायिकाच्या देणगीतून उभे राहिलेले हे सभागृह १९१४ साली खुले झाले. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी आणि छत्रीऐवजी रेनकोट न्यावा.

प्रश्न : फ्रिंजला निवड समिती नाही, असे ऐकले. मग आमच्या हौशी संस्थेला मराठी नाटक तेथे करता येईल का?
— एक रंगकर्मी, पुणे

उत्तर : येईल. हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ या छत्तीसगढी नाटकाला १९८२ साली तेथे ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला होता, तेव्हा भाषा ही मुख्य अडचण नव्हे. ब्रिटनच्या परमिट-मुक्त महोत्सवांच्या यादीत फ्रिंजचा समावेश होत आला आहे. यादीतील महोत्सवात साध्या व्हिजिटर व्हिसावर प्रयोग करता येतो, मात्र त्या-त्या वर्षीची यादी व अटी तपासून घ्याव्यात. अडचण आहे ती पैशांची. निवड नाही याचाच अर्थ मानधन आणि हमीही नाही : सभागृहाशी करार, नोंदणी शुल्क, विमा, जाहिरात हे सारे संस्थेनेच करायचे असते, आणि ऑगस्टमध्ये त्या शहरात राहण्याची भाडी इतकी चढतात की विमान तिकिटांआधी मुक्कामाचा हिशेब मांडावा.